कूटबद्ध डेटाग्राम आणि मुक्तस्रोत लायब्ररी : डीटीएलएसच्या अंमलबजावणीची एक चिकित्सा

प्रस्तावना

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील सातारा, सांगली व कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे अध्यापन पाहता पाहता संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर आले. त्या काळात पाटण तालुक्यातील एका वाडीतून, घरात रेंज मिळत नाही म्हणून माळावर येऊन तासाला बसणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले होते, “सर, तुमचा आवाज तुटतो तेव्हा मधले शब्द जातात कुठे? आणि ते मध्येच दुसऱ्या कुणाला ऐकू येतात का?” प्रश्न साधा होता. मात्र त्याचे पहिले अंग नेटवर्कच्या अविश्वसनीयतेविषयी आणि दुसरे अंग गोपनीयतेविषयी होते, आणि ही दोन अंगे आपल्या क्रमिक पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवली जातात. जेथे संदेश हरवणार हे गृहीतच आहे तेथे तो सुरक्षित कसा ठेवावा, हा एकत्रित प्रश्न सहसा कोणत्याच प्रकरणात येत नाही.

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे ‘डेटाग्राम टीएलएस’ अर्थात डीटीएलएस हा प्रोटोकॉल आणि ‘ओपनएसएसएल’ या मुक्तस्रोत लायब्ररीत झालेली त्याची अंमलबजावणी. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. इतर प्रोग्रॅमना आयत्या वापरता येतील अशा कार्यपद्धतींचा संग्रह, या अर्थाने हा शब्द वापरला आहे. या अंमलबजावणीचे गुणदोष तपासणे, दोषांची कारणे व्यक्तींच्या चुकांत शोधण्याऐवजी रचनेच्या गृहीतकांत शोधणे, आणि सातारा-सांगली परिसरातील अध्यापनाच्या व लोकजीवनाच्या संदर्भात त्यांचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेख संगणकशास्त्रेतर प्राध्यापकांनाही वाचता यावा, अशी काळजी घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. डेटाग्राम : स्वरूप आणि मर्यादा

इंटरनेटवर माहिती पाठविण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली टीसीपी. तिच्यात प्रत्येक तुकड्याची पोच घेतली जाते, हरवलेला तुकडा पुन्हा पाठविला जातो आणि सर्व तुकडे मूळ क्रमानेच पलीकडच्या प्रोग्रॅमच्या हाती पडतात. दुसरी यूडीपी. १९८० च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी अवघ्या तीन पानांत मांडलेल्या या रीतीत प्रत्येक संदेश म्हणजे एक स्वतंत्र डेटाग्राम असतो. त्याचे शीर्ष केवळ ८ बाइटांचे असते. तो पोचेल, एकदाच पोचेल किंवा आधीच्याच्या नंतर पोचेल, याची कोणतीही हमी दिलेली नसते. टपालखात्याच्या भाषेत सांगायचे तर टीसीपी ही पोचपावतीसह पाठविलेली रजिस्टर्ड पत्रांची मालिका आहे, तर यूडीपी म्हणजे पेटीत टाकलेले पोस्टकार्ड.

असे असूनही पोस्टकार्डाची गरज संपत नाही. तासाच्या वेळी हरवलेला शब्द दोन सेकंदांनी पुन्हा पाठविण्यात अर्थ नसतो, कारण तोवर वाक्य पुढे गेलेले असते. ध्वनी, चित्र, संवेदकांची लहान लहान मापने अशा कामांसाठी उशिरा आलेल्या अचूक संदेशापेक्षा वेळेवर आलेला बहुतांश संदेश अधिक उपयोगी ठरतो. मात्र पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, त्यात खाडाखोड करू शकतो किंवा जुनेच कार्ड पुन्हा पेटीत टाकू शकतो.

ही अडचण संगणकयुगाने निर्माण केलेली नाही. सातारा ही मराठी राज्याची राजधानी असताना पत्रे जासूदजोडीबरोबर रवाना होत. दोघे सोबत असले म्हणजे एकाला वाटेत काही झाले तरी पत्र पुढे जाण्याची शक्यता वाढे. पत्राच्या अखेरीस मोर्तब करीत. ‘लेखनसीमा’ सांगणाऱ्या त्या छोट्या मुद्रेमुळे मूळ मजकूर कोठे संपला हे कळे आणि खाली कोणी चार ओळी वाढवल्या तर त्या उघड पडत. हरवण्यावर उपाय आणि बनावटीवर उपाय हे वेगवेगळे असले तरी ते एकाच पत्रव्यवहारात एकत्र नांदावे लागतात, ही जाण त्या व्यवस्थेत होती. डीटीएलएसची परीक्षा याच कसोटीवर करावयाची आहे.

२. डीटीएलएसची रचना

टीसीपीवरील संदेश सुरक्षित ठेवण्यासाठी टीएलएस हा प्रोटोकॉल १९९९ च्या जानेवारीत प्रमाणित झाला. त्याच सुमारास, १९९८ च्या डिसेंबरमध्ये, एरिक यंग व टिम हडसन यांच्या एसएसएलईवाय या संचातून ओपनएसएसएल हा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. यूडीपीसाठी मात्र असे सर्वसामान्य साधन नव्हते. एरिक रेस्कोर्ला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील नागेंद्र मोडाडुगू यांनी २००४ मध्ये डीटीएलएसची रचना आणि अंमलबजावणी मांडली. २००५ मध्ये ओपनएसएसएलच्या ०.९.८ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली आणि २००६ च्या एप्रिलमध्ये तिला प्रमाणरूप मिळाले. प्रमाणाच्या आधी चालता कोड हाती होता, ही बाब या प्रोटोकॉलच्या प्रसारास अनुकूल ठरली.

रचनाकारांचे मार्गदर्शक तत्त्व ‘टीएलएसमध्ये कमीत कमी बदल’ हे होते. त्यानुसार केलेले बदल थोडे पण मार्मिक आहेत. टीएलएसमध्ये प्रत्येक नोंदीचा अनुक्रमांक दोन्ही बाजू मनातल्या मनात मोजतात, कारण एकही नोंद हरवत नाही हे गृहीत असते. डीटीएलएसमध्ये तो प्रत्येक नोंदीवर लिहावा लागतो. १६ बिटांचा कालखंड-क्रमांक आणि ४८ बिटांचा अनुक्रमांक वाढल्यामुळे नोंदीचे शीर्ष ५ बाइटांवरून १३ बाइटांवर गेले. ज्या कूटपद्धतीत एका नोंदीचे उलगडणे आधीच्या नोंदीवर अवलंबून असते, ती आरसी४ सारखी प्रवाही पद्धत येथे निषिद्ध ठरली. जुनी नोंद पुन्हा पाठविणाऱ्यास अडविण्यासाठी अलीकडे आलेल्या अनुक्रमांकांची एक सरकती खिडकी ठेवण्याची सोय झाली.

प्रारंभीच्या किल्ली ठरविण्याच्या बोलणीस हँडशेक म्हणतात. तो हरवून चालत नाही. म्हणून त्यापुरते पुनःप्रेषण आणले गेले. एक सेकंद उत्तराची वाट पाहावी, न आल्यास पुन्हा पाठवावे आणि प्रत्येक वेळी प्रतीक्षा दुप्पट करावी, असा संकेत ठरला. सर्व्हरचे प्रमाणपत्र अनेकदा एका पॅकेटच्या सुमारे १५०० बाइटांच्या मर्यादेत मावत नाही, म्हणून हँडशेकचे संदेश तुकडे करून पाठविण्याची आणि पलीकडे जोडण्याची व्यवस्था करावी लागली. शिवाय यूडीपीत पाठविणाऱ्याचा पत्ता खोटा असू शकतो. कोणी दुसऱ्याच्या पत्त्यावरून छोटीशी विनंती पाठविली तर सर्व्हर आपले मोठे प्रमाणपत्र त्या निरपराध पत्त्यावर पाठवीत राहील. यावर कुकीची युक्ती योजली. सर्व्हर आधी फक्त एक लहान टोकन पाठवितो, स्वतःजवळ काहीही नोंदवीत नाही आणि ते टोकन परत आल्यावरच पुढचे काम हाती घेतो. खिडकीवर टोकन दाखविल्याखेरीज फाईल न उघडणाऱ्या कारकुनासारखी ही शिस्त आहे.

या सर्व योजनांत एक सुसंगत दृष्टी आहे. तिचे श्रेय देऊनच पुढील चिकित्सा केली पाहिजे.

३. अंमलबजावणीतील तीन दोष

ओपनएसएसएलमधील डीटीएलएसच्या इतिहासात अनेक दोष नोंदले गेले. त्यांतील तीन येथे निवडले आहेत, कारण प्रवाहासाठी बांधलेल्या घरात डेटाग्रामला जागा करून देताना काय घडते, हे त्यांतून स्पष्ट होते.

पहिला दोष मूकपणाचा. टीएलएसमध्ये एखादी नोंद तपासणीत खोटी ठरली की जोडणी तोडली जाते. डीटीएलएसमध्ये तसे केल्यास कोणीही एक खोटे पॅकेट टाकून चालू संवाद बंद पाडू शकेल, म्हणून खोटी नोंद गुपचूप टाकून द्यावी असे सांगितले आहे. निर्णय योग्य होता. मात्र त्यामुळे हल्लेखोरास एकाच जोडणीवर हवे तितके प्रयत्न करण्याची मुभा मिळाली. २०१२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील नधेम अलफर्दान व केनी पॅटरसन यांनी याचा परिणाम दाखवून दिला. ओपनएसएसएलच्या डीटीएलएस भागात, नोंदीच्या शेवटी भरलेली पूरक अक्षरे चुकीची आढळल्यास पुढची तपासणी न करताच नोंद टाकली जात असे. परिणामी चुकीच्या व बरोबर पूरक अक्षरांना लागणारा वेळ वेगळा येई. एकामागून एक पॅकेटे सोडून हा सूक्ष्म फरक मोठा करता येत होता आणि त्यावरून मूळ मजकूर उलगडता येत होता. याच स्वरूपाच्या कालमापनाच्या हल्ल्यावरील उपाय टीएलएसच्या जगात अनेक वर्षांपूर्वीच माहीत झाला होता. लायब्ररी एक, पण तिच्या एका खोलीतील धडा दुसऱ्या खोलीत पोचला नव्हता. २०१२ च्या जानेवारीतील आवृत्त्यांत हा दोष दुरुस्त झाला.

दुसरा दोष तुकडे जोडण्याचा. हँडशेकच्या प्रत्येक तुकड्यावर संपूर्ण संदेशाची लांबी, तुकड्याचे स्थान आणि तुकड्याची लांबी लिहिलेली असते. पहिल्या तुकड्यावरील लांबी प्रमाण मानून लायब्ररी स्मृतीत जागा राखीत असे. पुढच्या तुकड्याने वेगळीच लांबी सांगितली तर काय, याची तपासणी नव्हती. परिणामी राखलेल्या जागेबाहेर लिहिता येत होते आणि परक्या यंत्रावर आपला कोड चालविण्यापर्यंत मजल जाऊ शकत होती. २०१४ च्या ५ जूनला हा दोष जाहीर झाला. टीएलएसमध्ये तुकडे जोडण्याचे काम खाली टीसीपी करते आणि ते कार्यप्रणालीच्या दीर्घकाळ तावूनसुलाखून निघालेल्या भागात होते. डीटीएलएसला तेच काम लायब्ररीत नव्याने करावे लागले.

तिसरा दोष सर्वांत प्रसिद्ध, ‘हार्टब्लीड’. त्याची कुळकथा मात्र फारशी सांगितली जात नाही. यूडीपीवर जोडणी जिवंत आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नसतो, तसेच वाटेत किती मोठे पॅकेट मावेल हेही अजमावावे लागते. या गरजेतून २०१२ च्या फेब्रुवारीत ‘हार्टबीट’ ही पुरवणी प्रमाणित झाली. एकाने काही अक्षरे व त्यांची लांबी पाठवावी आणि दुसऱ्याने तीच अक्षरे परत करावीत, इतकेच तिचे काम. ही निकड मुख्यतः डेटाग्रामची होती. टीसीपीजवळ जोडणी जिवंत असल्याचे तपासण्याची स्वतःची सोय आहे. तरीही पुरवणी दोन्हींसाठी लिहिली गेली आणि १४ मार्च २०१२ च्या १.०.१ या आवृत्तीत दोन्हींसाठी चालू झाली. सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेली अक्षरे जुळतात की नाही, हे पाहणे कोडमध्ये राहून गेले. चार अक्षरे पाठवून ‘ही चौसष्ट हजार आहेत’ असे सांगितले की सर्व्हर आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर भरून ६४ किलोबाइटांपर्यंत उत्तर देई. त्या मजकुरात पासवर्ड असत, कधी खासगी किल्ल्याही असत. ७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष जाहीर झाला तेव्हा तो दोन वर्षे जगभर वावरत होता. डेटाग्रामसाठी कापलेले वस्त्र प्रवाहाच्या अंगावर चढविल्याने दोषाची व्याप्ती थेट वेबच्या सर्व्हरपर्यंत गेली, हे येथे अधोरेखित करावेसे वाटते.

४. ‘किमान बदल’ या तत्त्वाचे मूल्यमापन

वरील तीन उदाहरणांवरून किमान बदलाचे तत्त्वच चुकीचे होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सुरक्षेच्या क्षेत्रात नवे म्हणजे अपरीक्षित. टीएलएसची किल्ली ठरविण्याची पद्धत अनेक तज्ज्ञांनी तपासलेली होती आणि ती उचलून घेणे शहाणपणाचेच होते. या तत्त्वामुळेच डीटीएलएसला अल्पावधीत अनेक ठिकाणी स्थान मिळाले. ब्राउझरमधील ध्वनिचित्र-संवादाच्या वेबआरटीसी या प्रमाणात ध्वनीच्या किल्ल्या डीटीएलएसनेच ठरविल्या जातात. जित्सी मीट, बिगब्लूबटन यांसारखी मुक्तस्रोत साधने याच पायावर उभी आहेत. म्हणजे टाळेबंदीच्या काळात ब्राउझरमधून घेतलेल्या कित्येक तासांच्या मुळाशी हीच बोलणी होती.

तथापि किमान बदल प्रोटोकॉलच्या कागदावर जितका साधतो, तितका कोडमध्ये साधत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ओपनएसएसएलची अंतर्गत बांधणी प्रवाहासाठी झालेली होती. वाचन म्हणजे नळातून येणारे पाणी, असे तिचे गृहीतक. डेटाग्राम मात्र बाटल्यांतून येतो आणि प्रत्येक बाटलीला तिची सीमा असते. लायब्ररीतील स्मृतीवर आधारित मध्यस्थ घटक या सीमा जपत नसे. त्या जपणारे घटक २०२३ च्या नोव्हेंबरमधील ३.२ या आवृत्तीत आले, म्हणजे डीटीएलएस दाखल झाल्यानंतर अठरा वर्षांनी. तसेच पुनःप्रेषणाचे घड्याळ लायब्ररी स्वतः चालवीत नाही. किती वेळ उरला हे विचारणे आणि वेळ संपल्यावर तसे कळविणे, हे वापरणाऱ्या प्रोग्रॅमने करावयाचे असते. टीएलएस वापरण्याची सवय असलेला विकासक हे विसरतो. त्याचा प्रोग्रॅम प्रयोगशाळेच्या केबलवर उत्तम चालतो आणि डोंगरातल्या रेंजवर पहिले पॅकेट हरवताच मुकाट्याने अडकून बसतो. साम्य दाखविणारे बाह्यरूप येथे वापरणाऱ्याची दिशाभूल करते.

प्रतिवाद म्हणून दुसरी वाट तपासावी लागेल. वायरगार्ड या मुक्तस्रोत साधनाने जुन्याशी नाते न ठेवता डेटाग्रामसाठीच रचना केली, कूटपद्धतींची निवड ठरावीक ठेवली आणि सुमारे चार हजार ओळींत काम भागविले. २०२० च्या मार्चमध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. २०२१ च्या मे महिन्यात प्रमाणित झालेल्या क्विकने टीएलएसची केवळ बोलणी उचलली आणि तुकडे, पोच, पुनःप्रेषण हे सारे स्वतःचे रचले. डीटीएलएसनेही बोध घेतला. २०२२ च्या एप्रिलमधील १.३ या आवृत्तीत हँडशेकसाठी स्पष्ट पोचसंदेश आले, अनुक्रमांकही झाकला गेला आणि कुकीची देवाणघेवाण मुख्य बोलणीत सामावली. त्याच वर्षी मार्चमध्ये जोडणी-ओळखीची पुरवणी आल्याने, मोबाईलचा पत्ता बदलला तरी संवाद चालू ठेवण्याची सोय झाली. सोळा वर्षांत प्रोटोकॉल टीएलएसच्या सावलीतून बाहेर सरकत गेला, असे म्हणता येईल. याचा अर्थ प्रारंभीची उसनवारी व्यर्थ होती असा नव्हे. ती फेडण्यास वेळ लागला, इतकेच.

५. मुक्तस्रोत : उघडे कपाट आणि वाचक

मुक्तस्रोत कोड सर्वांना पाहता येतो, म्हणून त्यातील दोष लवकर सापडतात, असा विश्वास आपण वर्गात मांडतो. हार्टब्लीड दोन वर्षे उघड्या कपाटात पडून होता. कपाट उघडे असणे आणि कोणी वाचक असणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जगातील असंख्य सर्व्हर ज्या लायब्ररीवर विसंबून होते, तिला मिळणाऱ्या देणग्या त्या काळी वर्षाला सुमारे २,००० डॉलरच होत्या आणि पूर्णवेळ काम करणारी एकच व्यक्ती होती, ही माहिती २०१४ मध्ये प्रकल्पाच्या वतीनेच पुढे आली. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांच्या साहाय्याने निधी उभा केला, कोडची पुनर्तपासणी झाली, लिब्रेएसएसएल व बोरिंगएसएसएल या शाखा निघाल्या आणि हार्टबीटचा कोडही पुढे काढून टाकण्यात आला.

तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. वरील तिन्ही दोषांची इतकी तपशीलवार चिकित्सा सातारा किंवा सांगलीच्या एखाद्या महाविद्यालयात बसून करता येते, ती हा कोड, त्यातील प्रत्येक बदल आणि बदलाची तारीख खुली असल्यामुळेच. बंदिस्त उत्पादनातील दोषाबद्दल आपल्या हाती केवळ निर्मात्याचे निवेदन पडले असते. तेव्हा मुक्तस्रोताची सुरक्षितता हा त्याचा उपजत गुण नसून वाचकांनी रोज कमवावयाचा गुण आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

६. कृष्णाकाठचा संदर्भ

हा विषय आपल्या परिसराशी केवळ ऑनलाइन तासांपुरता जोडलेला नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते, पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते आणि वरच्या खोऱ्यातील पावसाचा परिणाम सांगलीच्या आयर्विन पुलावर फुटांत मोजला जातो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर येथील प्रत्येक घराच्या स्मरणात आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची पातळी ४५ फूट असलेल्या या पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने पर्जन्यमापक व पातळीमापक यंत्रांकडून आपोआप माहिती गोळा करणारी व्यवस्था उभारलेली आहे. त्या व्यवस्थेची अंतर्गत बांधणी हा येथील विषय नाही. अशा कामाची गरज काय असते, एवढेच उदाहरणादाखल पाहावयाचे आहे.

दूरच्या डोंगरावरील एखादे यंत्र दर काही मिनिटांनी काही बाइटांचे मापन पाठविते, त्याची बॅटरी मर्यादित असते आणि ऐन मुसळधार पावसात त्याची जोडणी सर्वांत दुबळी असते. लहान यंत्रांसाठी २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या सीओएपी या प्रोटोकॉलने यूडीपी व डीटीएलएसची निवड केली, ती अशाच परिस्थितीसाठी. येथे कोणते संरक्षण हवे? नदीची पातळी गुप्त नाही. ती वर्तमानपत्रात छापून येते. म्हणून ‘कूटबद्ध’ या शब्दात अभिप्रेत असलेली गोपनीयता येथे दुय्यम आहे. मात्र आलेला आकडा त्याच यंत्राचा आहे का, वाटेत बदललेला नाही ना आणि तो आत्ताचा आहे की कालचाच पुन्हा पाठविलेला आहे, हे तीन प्रश्न जिवावर बेतणारे आहेत. काल ३८ फूट असताना पाठविलेले अस्सल पॅकेट आज कोणी पुन्हा सोडले, तर त्याचे मोर्तब खरेच असेल. खोटा असेल तो काळ. डीटीएलएसची सरकती खिडकी एका जोडणीच्या आत हा धोका टाळते. तथापि प्रमाणात ही तपासणी ऐच्छिक ठेवलेली आहे, हे विसरून चालणार नाही. शिवाय मुद्दाम उशीर करून प्रथमच पोचविलेले पॅकेट ती ओळखू शकत नाही, म्हणून मापनाच्या आत वेळेची नोंद असणे अपरिहार्य ठरते.

सुरक्षा म्हणजे गुप्तता, असे समीकरण आपण वर्गात नकळत रुजवितो. कृष्णाकाठच्या माणसासाठी सुरक्षा म्हणजे आकड्याची सत्यता आणि ताजेपणा. लायब्ररी निवडताना व शिकविताना हा क्रम डोळ्यांसमोर असला पाहिजे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या अभ्यासक्रमांत कूटलेखनाचे गणित येते, सात स्तरांची आकृती येते. पण प्रत्यक्ष लायब्ररीचा कोड वाचण्याचा सराव सहसा येत नाही. सी भाषा शिकलेला विद्यार्थी हार्टब्लीडची दुरुस्ती वाचू शकतो, कारण ती मूलतः लांबी पडताळण्याच्या काही ओळींची आहे. ती वाचल्यावर लांबी न तपासण्याचा परिणाम त्याला जन्मभर विसरता येत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा वर्गातील अनुभव आहे. त्याचप्रमाणे लिनक्समध्ये मुद्दाम पॅकेटे हरवण्याची, उशीर करण्याची व क्रम बदलण्याची सोय मोफत उपलब्ध आहे. दोन जुन्या संगणकांवर डीटीएलएसचा हँडशेक चालवून दहापैकी तीन पॅकेटे गाळली, की पुनःप्रेषणाचे घड्याळ, तुकडे जोडणे आणि कुकी या तिन्ही गोष्टी एका प्रात्यक्षिकात दिसतात. यासाठी निधीची नव्हे, वेळापत्रकातील दोन तासांची गरज आहे. भाषा व समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही यात वाटा आहे, कारण स्वयंसेवकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या सार्वजनिक साधनांची देखभाल कोणी करावी, हा प्रश्न मुळात सामाजिक आहे.

समारोप

डीटीएलएसने टीएलएसची परीक्षित बोलणी डेटाग्रामपर्यंत आणली, ही त्याची भरीव कामगिरी होय. ओपनएसएसएलमधील त्याच्या अंमलबजावणीत जे गंभीर दोष आढळले, त्यांचे मूळ प्रवाहाची गृहीतके डेटाग्रामवर आणि डेटाग्रामची गरज प्रवाहावर लादण्यात होते. रचनेतील साम्य हे अंमलबजावणीतील साम्याची हमी देत नाही, आणि कोड खुला असणे ही तो वाचला गेल्याची हमी देत नाही, हे दोन निष्कर्ष वरील विवेचनातून निघतात. तिसरा निष्कर्ष असा की, संरक्षण कोणत्या गोष्टीचे हवे हे ठरविल्याखेरीज साधनाची निवड करता येत नाही.

त्या विद्यार्थ्यास तेव्हा प्रस्तुत लेखकाने “काळजी करू नकोस, सगळे सुरक्षित असते” असे सांगून तास पुढे नेला होता. ते उत्तर अपुरे होते. हरवलेले शब्द पुन्हा पाठविले जात नाहीत, ते वाटेतच संपतात. वाटेत कोणी ती पॅकेटे पकडली तरी त्याला किल्लीशिवाय अर्थ लागत नाही. मात्र गटाच्या संवादात ही किल्ली सामान्यतः आपण आणि मधला सर्व्हर यांच्यात ठरलेली असते, म्हणून त्या सर्व्हरला शब्द ऐकू येऊ शकतात आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तंत्र ठरवीत नाही. आज तोच प्रश्न वर्गात आला तर एवढे सांगावे लागेल, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांसमोर कोड उघडून ठेवावा लागेल.